हाक भलत्या हातात

"डॉक्टर, बदललेला न्यूट्रिनो संध्याकाळी घरी गेला, तर त्याची आई त्याला ओळखेल का?"

प्रश्न ब्रिसाचा, पैज लुहानची, तोंड फक्त माझं. शेवटच्या बाकावर दोघींनी कोपरं मारून मारून माझ्या बरगड्या सोलल्या होत्या. "विचार की! सोमवारपासून भारी तोंड फुटलंय तुला. विचारलंस तर आठवडाभर बिस्कोचो माझ्याकडून, आतमध्ये पेरूचा मुरंबा असलेले," लुहान म्हणाली, आणि मी ताडकन उभी. मी! जिचे परवापरवापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना कान लाल व्हायचे, ती!

वर्ग फिसकन हसला. भौतिकीच्या प्रोफेनं डोळे वटारले. पण पाहुण्या डॉक्टर हसल्या नाहीत. ओफेलिया बेन्तांकोर त्यांचं नाव. विद्यापीठातून आलेल्या, बाहीला खडू, चष्मा डोक्यावर आणि दुसरा चष्मा नाकावर.

"नाव काय तुझं?"

"यानेला."

"बस, यानेला. नको, उभीच राहा. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही."

त्यांनी तोवर आम्हाला सांगितलं होतं ते असं. न्यूट्रिनो म्हणजे जगातला सगळ्यात लाजाळू कण. आख्खी पृथ्वी आरपार ओलांडतो, पण कुणाला धक्का लागत नाही. त्याचे प्रकार तीन, आणि शास्त्रज्ञ त्या प्रकारांना चव म्हणतात. ("चॉकलेट, व्हॅनिला आणि दुल्से दे लेचे," लुहान कुजबुजली.) निघताना एका चवीचा असतो, वाटेत दुसऱ्या चवीचा होतो, मग परत पहिल्या. हे त्याचं एकट्याचं झुलणं. पण एखादा मोठा तारा मरायला लागला, आतल्या आत कोसळला, की तिथं न्यूट्रिनोंची अशी दाटी होते की जो कुणाकडे ढुंकून बघत नाही त्यालाही शेजारचा जाणवायला लागतो. मग कुणीच एकटा बदलत नाही. सगळे मिळून झुलतात. इकडचे तिकडचे होतात, तिकडचे इकडचे.

"आई ओळखणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या अंगावर काही खूण राहत नाही ना. तो जो झाला, तोच तो कायम होता असं त्याचं अंग सांगतं. आणि आई त्याच गर्दीत असेल तर संपलंच, तीही झुललेली असणार. पण ती बाहेर उभी असेल..." त्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि डोक्यावरचा खाली घेतला. "बाहेरची ओळखेल कदाचित. आम्ही तेच करतो. जमिनीखाली पाण्याची टाकी भरून बाहेर बसतो आणि कोण आलं ते बघतो."

मी बसायला हवं होतं. पैज जिंकली होती. पण माझ्या तोंडून दुसरा प्रश्न गेला, आणि तो कुणीच शिकवलेला नव्हता.

"पण सुरुवात कोण करतं?"

"कुणीच नाही. किंवा इतकं बारीक काहीतरी की मोजताच येत नाही. एखादा जरासा तिरका. सगळे एकाच दिशेनं चाललेले असतील तर तो तिरकेपणा तिथंच विरतो. पण दोन झुंडी समोरासमोर आल्या, एकीत एक चव जास्त आणि दुसरीत दुसरी, आणि त्या एकमेकींतून जायला लागल्या, की तो तिरकेपणा दुप्पट होतो. मग चौपट. मग बघता बघता सगळी गर्दी..."

त्यांनी पंजा उलटा केला. तळवा वर.

समोरासमोर. मी मटकन बाकावर बसले. ब्रिसा म्हणाली, "काय गं, भूत दिसलं का?" मी म्हणाले, "हो." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

*

माझा पा, म्हणजे माझा बाप एबेर, आमच्या ढोलपथकाचा म्होरक्या आहे. होता म्हणू की आहे, हाच तर सगळा घोळ. फेब्रुवारीच्या मिरवणुकीत आमच्या पालेर्मो वस्तीच्या गल्लीतून ला मारेआ पथक उतरतं, तेव्हा सगळ्यात पुढे तो असतो. रांगेत तीन जातींचे ढोल. चिको सगळ्यात लहान. त्यानं एकच बोल धरायचा आणि जगबुडी आली तरी सोडायचा नाही. पियानो हा पोटफुगा ढोल, रांगेचे पाय. आणि मधला रेपिके. तो टोमणे मारतो, भांडतो, लाडीगोडी लावतो, आणि मुख्य म्हणजे हाक देतो. म्होरक्याच्या रेपिकेनं हाक दिली की रांग वळते, चढते, थांबते. पाची हाक आख्ख्या वस्तीला पाठ. तो ती ढोलावरच देतो असं नाही. टेबलावर देतो, बसच्या खिडकीवर देतो, आणि घरी आला की दारावर देतो. आमच्या दाराला बेल आहे, पण पानं ती जन्मात दाबली नव्हती.

मी चिको वाजवते. मला तेच शोभतं असं सगळे म्हणायचे. गप्प, सरळ, एका लयीत, हुडीची दोरी चघळत.

यंदा पाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. रांग दोन भागांत तोडायची. चिकोवाले गल्लीच्या वरच्या तोंडाकडून, पियानोवाले समुद्राच्या बाजूनं, रेपिके दोन्हीकडे थोडे थोडे. समोरासमोर चालत यायचं आणि वाजवत वाजवत एकमेकांतून आरपार जायचं. परीक्षक खुर्चीवरून पडतील, पा म्हणाला.

शेकोटीशी ढोल लावून आम्ही कातडी तापवत होतो तेव्हा विल्मार काकांनी नाक मुरडलं. ते ब्रिसाचे आजोबा, पियानोवाल्यांतले सगळ्यात जुने. "ढोल ढोलाच्या तोंडावर वाजवायचा नसतो, एबेर. पुढच्याची पाठ बघून वाजवायचा. माझा आजा सांगायचा."

"का पण, काका?"

"ते नाही सांगितलं त्यानं."

"मग मी विचारतो त्याला, वर गेलो की!" पा म्हणाला, आणि शेकोटीभोवती हशा झाला. विल्मार काकाही हसले. हसले, पण थुंकले.

गल्ली एरवी रुंद आहे. यंदा गटाराच्या कामाचे पत्रे लावल्यामुळे निम्मी उरलीय. म्हणजे सगळे खांद्याला खांदा, ढोलाला ढोल.

पहिल्या रविवारी दोन्ही झुंडी निघाल्या आणि नेमका माझ्या ढोलाचा पट्टा तुटला. मी बेकरीच्या पायऱ्यांवर बसून गाठ मारत होते, म्हणून मी बाहेर होते. म्हणून मी ऐकलं.

दोन्ही बाजू भिडल्या तेव्हा आधी काहीच वेगळं नव्हतं. मग एक कंप आला. कुणीतरी अर्ध्या केसाइतकं मागे पडल्यासारखा. असं होतं, विरतं. हा विरला नाही. शेजारच्यात गेला, त्याच्या शेजारच्यात गेला, फुगत गेला, आणि मग आख्खी रांग कूस बदलल्यासारखी उलटली. चिकोच्या बारक्या आवाजात पियानोचे बोल यायला लागले. पोटफुगे पियानो चिमण्यांसारखे टिवटिवायला लागले. ढोल ज्याचे त्याच्या खांद्यावर होते, हात मात्र दुसऱ्यांचे. पुन्हा कंप, पुन्हा सगळं जागेवर. पुन्हा उलटं. परातीत पाणी झुलावं तसं. आणि चेहरे! घामाघूम, हसरे, डोळे उघडे, मान सगळ्यांची एकाच बाजूला कललेली. कुणाला काही कळत नव्हतं. झुंडी एकमेकींतून सुटल्या, गर्दी पांगली, आणि त्या वेळी नशिबानं सगळे जागेवर होते.

"पा! तुम्ही उलटं वाजवत होता!"

"कोण?"

"सगळे! विल्मार काका चिको वाजवत होते!"

"मी?" विल्मार काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "पोरी, साठ वर्षांत हा हात चिकोला लागला नाही. पट्ट्याऐवजी डोकं तुटलं का तुझं?"

सगळे शपथेवर सांगत होते. आणि खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतरच्या रविवारी मी रांगेत होते. नवा पट्टा, नवं टिपरू. आम्ही भिडलो. मला काय आठवतं? मी माझा बोल नीट धरला होता, एवढंच आठवतं. मान वर केली तर समोरून पा येत होता आणि मजेत होता. मग गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. सगळे उड्या मारून दोन्ही फुटपाथांवर, पत्र्यांमागे, दारांत. ती जाईपर्यंत शेकोटी विझली होती. पा म्हणाला, "पुरे आज."

रांग मधेच मोडली. सगळं एवढंच.

*

त्या रविवारी पा माझ्यानंतर घरी आला. मा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. आणि बेल वाजली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण आमच्याकडे बेल कोण वाजवतं? टपालवाला, आणि तो रविवारी येत नाही. मानं दार उघडलं. पा उभा होता. मा त्याच्याकडे एक क्षण जास्तच बघत राहिली.

"किल्ली हरवली का रे?"

"नाही," पा म्हणाला. हळू आवाजात. आणि हुडीची दोरी तोंडात धरून आत गेला.

सोमवारी मी शाळेतून आले तर मा आतून ओरडली, "एबेर, आज एवढ्या लवकर?" मी दारात थिजले. माझी मूठ अजून दारावर होती. मी काय वाजवलं होतं, ते मला वाजवून झाल्यावर ऐकू आलं.

आता खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती आणि वाटत नव्हती. मला जबरदस्त वाटत होतं! सोमवारी मी गणिताच्या प्रोफेला फळ्यावरची चूक दाखवली. मंगळवारी बसमध्ये एका आडदांडाला म्हातारीसाठी जागा सोडायला लावली. क्लबाच्या अंगणात साधा सराव होता, समोरासमोर नाही, तिथं माझा हात चिकोचा बोल सोडून उडाला, आणि आख्खी रांग माझ्या मागे वळली. मी वळवली! विल्मार काका थांबलेच. "ही हाक..." एवढंच म्हणाले. पा माझ्या बाजूलाच होता. रेपिके त्याच्या खांद्यावर, बोल अचूक, एकसारखे, सरळ. घड्याळ वाजवावं तसे. त्यानं रांगेला हाक दिली आणि कुणी वळलं नाही. का वळलं नाही ते त्याला कळलं नाही. त्यानं दोरी तोंडात घेतली.

ती दोरी चघळायची सवय माझी. रविवारपासून मी चघळली नाहीये. माझ्या हुडीची दोरी कोरडी होऊन ताठ झालीय.

ब्रिसा बुधवारी म्हणाली, "आमच्या आजोबांना काय झालंय देव जाणे. जन्मभर मातेचा चहा कडूच प्यायलेला माणूस, आता साखर घालतो. आणि वर आम्हालाच म्हणतो, मी नेहमीच घालायचो."

"आणि आमची आत्या," लुहान म्हणाली, "जी साखरेत माते घालायची, ती कडू पितेय." लुहानची आत्या चिको वाजवते.

दोघी खिदळल्या. मी नाही. पथकात जेवढी साखर होती तेवढीच होती. जेवढी हाक होती तेवढीच. हरवलं काहीच नव्हतं. फक्त कुणाचं कुणाकडे, ते बदललं होतं.

*

तर डॉक्टरांचा तास संपला आणि मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावले. सगळं सांगितलं. एका दमात, पट्ट्यापासून साखरेपर्यंत. मला वाटलं डोक्यावर हात फिरवतील आणि प्रोफेला शोधतील. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"हे बघ, यानेला. माणसं म्हणजे न्यूट्रिनो नव्हेत. माझं गणित तुझ्या गल्लीला लागू होत नाही."

"माहितीय. पण गणितात असं झालं तर?"

"गणितात, गर्दी विरळ झाली की झुलणं थांबतं. त्या क्षणी जो जसा असेल, तसाच पुढे चालतो."

"मग परत आणायचं कसं?"

"परत तेवढीच दाटी. तशीच समोरासमोर. पुन्हा झुलवायचं, आणि झोका घरी आला की गर्दी मोडायची. पण कधी मोडायची ते आतल्याला कळत नाही, हे मी तुला सांगायला नको, तूच मला सांगितलंस."

"आणि चुकलं तर?"

त्यांनी दोन्ही चष्मे काढले. डोळे अगदी लहान दिसले. "चुकण्यापेक्षा वाईट एक आहे. फार वेळ झुलू दिलं, की झोका लहान लहान होत जातो आणि थांबतो. मधेच. मग कुणी एका चवीचं राहत नाही. प्रत्येकात प्रत्येकाचं थोडं थोडं. सगळे सारखे. आमच्यात त्यावर अजून भांडणं चालू आहेत की असं किती होतं, कुठे होतं. पण कागदावर होतं ते. बघून मला स्वतःला रात्री बरं वाटत नाही." मग उठताना, जणू सहज: "तुला मात्र परत द्यायचंय का, ते आधी ठरव. तुझ्या प्रश्नांवरून वाटलं, तुला हे आवडलंय."

 गेल्या रविवारच्या आधीची यानेला त्यांच्या मागे जिन्यापर्यंत आलीच नसती. ती शेवटच्या बाकावर दोरी चघळत बसली असती. मग धावली कोण?

घरी जाताना समुद्राच्या कडेनं गेले. लोक नेहमीसारखे कठड्यावर बसले होते, काखेत थर्मास, हातात माते. मला वाटलं सगळ्यांची मान एकाच बाजूला कललीय. वारा होता. वारा असेल.

*

काल शनिवारी दुपारी विल्मार काका घरी आले. ते आमच्या घरी मिरवणुकीआधी आणि मयतानंतर येतात, तिसऱ्या कारणाला नाही. मानं पाणी तापवलं. त्यांनी मातेत दोन चमचे साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसले.

"एबेर, वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही," पा म्हणाला.

"अजून मी काही बोललो नाही."

"बोला, काका."

"पथकातली मोठी माणसं बसली होती काल. तुझा हात... म्हणजे हात चांगलाय. चोख आहे. पण रांग वळत नाही त्याच्यावर. आणि या पोरीच्या हातावर वळते. तुझ्याच घरात राहतेय हाक, बाहेर कुठे गेली नाही. उद्यापासून रेपिके घेऊन पुढे यानेलाला उभी करू म्हणतो. तू चिको घे. आणि फेब्रुवारीत ते समोरासमोरचं आख्ख्या मार्गावर करू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लोकांना फार आवडलंय."

 मला माझा पा माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी कुणी त्याला नुसतं 'जरा हळू वाजव' म्हणालं होतं, तर थर्मास खिडकीतून खालच्या गल्लीत गेला होता. मी त्या थर्मासची वाट बघत होते. देवाशपथ, मला तो फुटलेला ऐकायचा होता.

"बरं," पा म्हणाला. "यानेला चांगली वाजवते." आणि माझ्याकडे बघून हसला. हसू त्याचंच होतं, फक्त लाजरं होतं, खालच्या ओठावर अडकलेलं. मी ते रोज आरशात बघायचे.

विल्मार काकांनाच ते सहन झालं नाही. "भांड की रे जरा!" ते म्हणाले, माते अर्धवट ठेवली आणि निघून गेले. साखर तळाशी तशीच होती.

मी म्होरकी! वस्तीतली पहिली मुलगी, पंधरा वर्षांची! आतून मला नाचावंसं वाटत होतं, आणि नाचायला उठलेले पाय माझेच आहेत का ते कळत नव्हतं. पा सिंकपाशी गेला, विल्मार काकांचं मातेचं भांडं धुवायला लागला. त्यानं ते टेबलावर ठोकलं नाही. आधी तो भांडं खाली ठेवायचा ते सुद्धा तालात.

मा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "गेल्याच्या गेल्या रविवारी मी गच्चीवर होते. तुझ्या बापाची हाक दोनदा भलत्याच बाजूनं आली."

"तू ऐकलंस?"

"अठरा वर्षं ऐकतेय. बहिरी असते तरी कळलं असतं. मला वाटलं, वारा."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? बेल वाजवतो त्याला?" मानं पाचा शर्ट हातात धरला, कॉलर सरळ केली, परत मोडली. "सोमवारी तू दार वाजवलंस ना, तेव्हा मी आत केस नीट केले. तुझा बाप आला म्हणून. आणि दारात माझी पोरगी."

 मा कधीच ढोल वाजवत नाही. रांगेत आली नाही, येणार नाही. तिला आवाज सोसत नाही असं ती म्हणते, आणि दर रविवारी गच्चीवर जाऊन ऐकते. बाहेर उभी असलेली.

डॉक्टरांचं अर्धं वाक्य मला तेव्हा पुरं ऐकू आलं.

मी खुर्ची ओढून वर उभी राहिले. गरज नव्हती, पण खालून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. "ऐका! दोघंही!"

पा वळला. साबणाचे हात.

"उद्या मी पुढे उभी राहणार नाही. म्हणजे राहणार, पण फक्त उद्या, आणि फक्त एकदा. समोरासमोर चालायचं, अगदी त्या दिवशीसारखं. पत्र्यापाशी, शेकोटी तिथंच, माणसं तीच. पा, तू माझ्या समोरून ये. रेपिके घेऊनच ये, चिको मी घेते."

"पण काका म्हणाले..."

"काकांना मी बघते. मा, तू गच्चीवर नाही, बेकरीच्या पायऱ्यांवर उभी राहायचंस. रांग झुलेल. तुला उलटी ऐकू येईल, मग सुलटी, परत उलटी. घाबरायचं नाही. पाची हाक पाच्या बाजूनं आली की हातातलं फडकं वर कर. दुसऱ्यांदाची वाट बघू नकोस, पहिल्याच वेळी. मी बघितलं की ढोल खाली टाकून ओरडेन, आग लागली म्हणून ओरडेन, आणि रांग मोडेन. त्यानंतर समोरासमोर कुणी वाजवणार नाही. फेब्रुवारीत नाही, कधीच नाही."

"आणि तुझी हाक?" पानं विचारलं. इतक्या हळू की नळाच्या आवाजात जवळजवळ वाहून गेलं. "तुला आवडते ना गं."

"आवडते," मी म्हणाले. "खूप आवडते. पण ती तुझी आहे, पा."

मा शर्ट हातात धरून उभी होती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खुर्चीवरून उतरले. माझा हात टेबलावर काहीतरी वाजवत होता, आणि तो कुणाचा बोल आहे ते मी ऐकायला थांबले नाही.

"आणि मा, रांग मोडली की सगळे पांगतील, तेव्हा माझ्याकडे नीट बघ. मी परत आलेय का, ते मला कळणार नाही. ते तू सांगायचंस."